सोळा सोमवार आणि जनरल माणूस

इथे आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला 'प्रेस' म्हणतात. आमच्या प्रेसच्या खालच्या खणात दह्याचे रिकामे डबे आहेत. टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. एक ठेवला की दुसरा येतो, आणि बघता बघता दार लागेनासं होतं. किश्श्यांचंही तसंच. दोन हजार वीस सरताना आणि एकवीस लागल्यावर, सगळे घरात कोंडलेले असताना, आमच्या तिघींच्या मंडळात इतके किस्से साठले की अश्विनी मला म्हणाली, "शुभाताई, लिहून काढा. नाहीतर तुमच्या डब्यांसारखं होईल. डबा एका किश्श्याचा आणि झाकण दुसऱ्याचं."

म्हणून लिहायला बसले आहे. घरात तसंही दुसरं कुणी नाही, त्यामुळे मधेच उठायचं कारण पडत नाही.

*

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. मी नावनला, सुरेखा पोर्टलीशला आणि अश्विनी वॉटरफोर्डला. सुरेखा आणि मी घर सांभाळणाऱ्या. अश्विनी इथे शिकायला आली आणि नोकरीला लागून राहिली. वयाने आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण जिभेने मोठी. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, म्हणून दर सोमवारी संध्याकाळी आम्ही व्हिडिओवर जमायचो, आरती म्हणायचो आणि मग गप्पा. आरती एकत्र कधीच व्हायची नाही. आवाज पोचायला जिच्या तिच्या इंटरनेटप्रमाणे वेळ लागायचा. माझं पहिलं कडवं चालू असताना सुरेखा कापूर लावून मोकळी झालेली असायची.

दोन हजार वीसच्या शरद ऋतूत आमच्या ह्यांचं, म्हणजे मुकुंदरावांचं, डब्लिनमधलं ऑफिस बंद झालं. नऊ वर्षांची नोकरी. त्याच महिन्यात सुरेखाच्या नवऱ्याची, नितीनचीही गेली. दोघांच्याही घरी जाड पाकिटं आली. नोकरी सोडल्यानंतर तुमच्या पेन्शनचं काय करायचं, ते कळवा, असं त्यात होतं.

आता आपल्या हाडात काय आहे? नोकरी सुटली की पीएफ काढायचा. माझ्या वडिलांनी काढला, त्यातून भावाची मुंज झाली आणि उरलेल्यात फ्रीज आला. त्यामुळे नितीनने पाकीट पूर्ण वाचलंच नाही. त्याने ऑफिसातल्या एचआरच्या मुलीला सरळ मेल टाकला, 'मला फॉर्म एकोणीस पाठवा.' भारतात पीएफ काढायला तोच लागतो, मग इथे का नाही लागणार?

ती मुलगी बिचारी दोन दिवस शोधत होती. तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. 'माफ करा, आमच्याकडे फॉर्म एकोणीस मिळत नाही. तुमचं अठरा किंवा वीसवर भागेल का?'

*

जानेवारीत नागपूरला सासरे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. हे महिन्याभरासाठी म्हणून गेले.

जाताना दारात बॅग ठेवून म्हणाले, "अगं, ते पेन्शनचं पाकीट टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यांना फोन करून पैसे काढून घ्यायची प्रोसिजर विचार. बाबांच्या शेजारचा फ्लॅट विकायला आहे म्हणे. ते पैसे आले तर घेऊन टाकू. मग इथलं आवरायचं."

"इथलं आवरायचं म्हणजे?"

"म्हणजे आवरायचं. इथे आता आहे काय?"

टॅक्सी उभी होती. मी दही-साखर हातावर ठेवली. जाणाऱ्या माणसाशी दारात वाद घालू नये.

इथे काय आहे? लहानसं भाड्याचं घर. घरात आम्ही दोघंच. नऊ वर्षांत मी इथे एक देवघर लावलं, तुळस चार वेळा मेली आणि पाचव्यांदा जगली. शेजारच्या आजी कचऱ्याचा डबा माझ्याही आधी उठून बाहेर ठेवतात, माझाही. हे सगळं दारात सांगण्यासारखं नव्हतं.

पैसे आले तर हे तिकडेच राहणार आणि मला बोलावून घेणार. नाही आले तर परत येणार. इतकी साधी गोष्ट होती. मी जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला. हातात पाणी घेतल्यावर काय मागायचं, ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "ह्यांचं काम होऊ दे."

पाणी सोडून झाल्यावर लक्षात आलं, हे मी काय मागून बसले.

*

पेन्शन कंपनीला पहिला फोन केला, तो त्याच दुपारी. त्यांचं वाट बघायला लावणारं संगीत सुरू झालं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. पूजेची वेळ टळायला लागली, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, हातपाय धुतले, सोवळ्याचं नेसले आणि पूजेला बसले. अभिषेक झाला, बेल नव्हता म्हणून तुळशीशेजारच्या झाडाची तीन पानं मनात बेल धरून वाहिली, आणि घंटा हातात घेऊन वाजवायला सुरुवात केली, तोच ओट्यावरून पुरुषाचा आवाज आला. "हॅलो? मी ब्रेंडन बोलतोय."

सोवळ्यात फोनला हात लावता येत नाही. आणि घंटा अर्ध्यात थांबवता येत नाही.

मी वाजवत राहिले. तो थोडा वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या दाराची बेल वाजते आहे. जा तुम्ही, बघून या. मी थांबतो."

आणि खरोखर थांबला. आरती होईपर्यंत.

*

आरतीनंतर मी लांबूनच ओरडून माझं काम सांगितलं. आवाजावरून साठीच्या पुढचा वाटला. तो म्हणाला, "हे खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या मिस्टरांच्या."

"मग मला तुम्हाला एक अक्षरही सांगता येणार नाही. नियम आहे. हिमसेल्फ स्वतः बोलले पाहिजेत."

इथे बायका नवऱ्याचं नाव न घेता त्याला नुसतं 'हिमसेल्फ' म्हणतात. म्हणजे आपलं 'हे'च. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी सांगितलं, हे नागपूरला आहेत, सासरे अंथरुणावर आहेत, हे दिवसभर हॉस्पिटल आणि औषधं यांत असतात, तिकडे साडेपाच तास पुढे आहेत, आणि इथे मी एकटी आहे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या मिस्टरांबद्दल मी बोलू शकत नाही. पण जनरल बोलायला मला कुणाची बंदी नाही. जनरली, एखादा माणूस असतो. समजा, त्याने एका ठिकाणी बऱ्यापैकी वर्षं नोकरी केली. दोनपेक्षा जास्त."

"नऊ," मी म्हटलं.

"ते मी ऐकलं नाही. तर असा जनरल माणूस नोकरी सोडतो. त्याला ते पैसे लगेच काढता येत नाहीत. त्याचेच असतात, कंपनीने घातलेलेही त्याचेच, पण ते निवृत्तीसाठी बसून राहतात. अगदी लवकर म्हटलं तरी साधारण पन्नाशीच्या आधी नाही."

हे त्रेचाळीसचे आहेत. मी फोन ठेवला, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मग देवघराकडे पाहिलं आणि लाज वाटली. ज्या कामासाठी दोन तासांपूर्वी पाणी सोडलं, ते होणार नाही म्हणून मी हसत होते.

*

त्या संध्याकाळी ह्यांना फोन केला. "अहो, ते काढता येत नाहीत."

"असं कसं? तुला नीट कळलं नसेल. बँकेचं, पेन्शनचं वेगळं असतं. परत विचार."

पुढच्या सोमवारी परत विचारलं. सोमवारी दुपारी त्या विभागाचे फोन ब्रेंडनच घ्यायचा, त्याच्या राहत्या घरून. मागे किटली शिट्टी वाजवायची. मी विचारायची, "जनरल माणूस कसा आहे?" तो म्हणायचा, "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत मजेत. "अजून पन्नाशीचा नाही झाला."

त्याने मला तीन वाटा समजावल्या. मी त्या आमच्या मंडळाला समजावल्या, माझ्या पद्धतीने. "हे बघा, पेन्शन म्हणजे आपले देव समजा. जुनं घर सोडलं. देवांचं विसर्जन करता येत नाही, उद्यापनाचं वय ठरलेलं आहे. मग काय करायचं? एक, जुन्या घरातच राहू द्यायचे. मालक दिवा लावत राहील, पण आपल्याला रोज तिथे नवीन फूल वाहता येणार नाही. दोन, नव्या नोकरीत देवघर असेल तर तिथे नेऊन बसवायचे. आणि तीन, आपल्या स्वतःच्या नावाचं देवघर करायचं. त्याला पीआरएसए म्हणतात. मग नोकरी कितीही बदला, देव आपल्याबरोबर, आणि फूल आपण कधीही वाहावं."

अश्विनी म्हणाली, "ताई, आमच्या एचआरने हेच चाळीस स्लाइडमध्ये सांगितलं होतं. मला आत्ता कळलं."

सुरेखा मात्र गंभीर झाली. "शुभदा, म्हणजे नितीनच्या आधीच्या दोन नोकऱ्यांमधले देव कुठे असतील?"

नितीन कॅमेऱ्यामागून म्हणाला, "कुठले देव?"

*

तर नितीनचे देव. त्याने आयर्लंडमध्ये आधी दोन नोकऱ्या केल्या होत्या आणि दोन्हीकडचं पेन्शन तो तसंच सोडून आला होता. पत्रं यायची, तो न वाचता ओट्यावर ठेवायचा. चार सोमवार त्यांच्या घरी शोधाशोध चालली. एक पत्र बुटांच्या खोक्यात मिळालं. दुसरं मिळेना. सुरेखा आणि नितीन बोलेनासे झाले.

त्यानंतरच्या सोमवारी आरतीला सुरेखा कॅमेऱ्यासमोर एक पिवळा कागद धरून उभी. मसाल्यांच्या प्रेसमध्ये डब्यांखाली तिनेच अंथरला होता. खाते क्रमांक, नाव, सगळं त्यावर. सहा वर्षं त्याच्यावर हळद सांडत होती.

नितीन विजयी आवाजात म्हणाला, "बघा. मी हरवलं नव्हतं."

अश्विनीने कागद नीट न्याहाळला. "नितीनदादा, एका कोपऱ्यात कुंकूही दिसतंय. म्हणजे पूजा रोजच्या रोज झालेली आहे. हिशेबात धरा."

*

एका सोमवारी ब्रेंडनने सांगायला घेतलं, "आता, जनरल माणसाचा जर मृत्यू झाला, तर..."

मी म्हटलं, "नको. आज सोमवार आहे."

"पण हे माहीत असलेलं बरं, मिसेस. नियमच आहे, सगळं सांगायचं."

"मग शुभ शब्दांत सांगा."

त्याने विचार केला. तो आवाज मला आठवतो, ओठ दातांत धरून माणूस श्वास घेतो तसा. मग म्हणाला, "आमची आई असं काही बोलायच्या आधी म्हणायची, देव आपल्या आणि सगळ्या वाईटाच्या मधे उभा राहो. हे चालेल का?"

मी ते वहीत लिहून घेतलं. मग त्याने सांगितलं, आणि मी ऐकलं. खातं ज्याच्या नावाचं, त्याच्यामागे ते बुडत नाही, घरच्यांना मिळतं. वाईट असं काही नव्हतं त्यात.

"तुमच्याकडे घरचं कोण आहे?" मी सहज विचारलं.

"जनरल बोलायचं तर," तो म्हणाला, "चार वर्षांपूर्वीपर्यंत होती."

मागे किटली वाजत होती. त्याने ती बराच वेळ बंद केली नाही.

*

सोळा सोमवारच्या चुरम्याचे तीन भाग करायचे. एक देवाला, एक गाईला, एक घरच्यांना. देवाचा देवाला. घरच्यांचा मी एकटीच खायची, दोन दिवस पुरायचा. गाईच्या भागाची मात्र नावनमध्ये चैन. आमच्या वस्तीच्या मागे, पाच किलोमीटरच्या आतच, एक मोठं रान आहे आणि मार्चपासून त्यात गाई. मी वाटी घेऊन फाटकापाशी जायची. एक पांढऱ्या कपाळाची गाय यायची.

तिसऱ्या खेपेला शेतकरी ट्रॅक्टर थांबवून उतरला. मला वाटलं, आता ओरडणार. परक्याच्या जनावराला न विचारता घातलं, चूक माझीच.

"काय घालताय तिला?"

"गव्हाचा रवा, गूळ आणि तूप."

त्याने वाटीत पाहिलं. मग गाईकडे पाहिलं. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला, "मला कुणी सोमवारी असलं काही देत नाही." आणि ट्रॅक्टरवर बसून निघून गेला.

पुढच्या सोमवारी मी दोन वाट्या नेल्या. एक फाटकाच्या खांबावर झाकून ठेवली. संध्याकाळी वाटी रिकामी, घासलेली, आणि आत सहा अंडी. गाई मात्र त्या दिवशी सात आल्या होत्या. ओळीने, फाटकाला तोंड लावून. त्या आठवड्यात माझी वाट बघत कुणी उभं होतं, इतकंच.

*

एप्रिलमध्ये नागपूरहून रोज कुणाची ना कुणाची बातमी यायला लागली. विमानं बंद होत गेली. इथे परत येणाऱ्यांना हॉटेलात बंद करून ठेवणार, असं ठरलं. महिन्याचे तीन महिने झाले. सासरे आता काठी घेऊन चालायचे. फोनवर यायचे आणि विचारायचे, "काहून गं, जेवली काय? एकटी हायेस तर सैपाक करतेस ना?" मी हो म्हणायची. सोमवारी नाहीतरी एकदाच जेवायचं असतं, आणि बाकीच्या दिवशीही मी एकदाच जेवायला लागले होते, ते सांगितलं नाही.

ह्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. फ्लॅटवाला टोकन मागत होता. हे म्हणत, "कुणीतरी मॅनेजर असेल, त्याला विचार." मी दर सोमवारी विचारत होते. खरं तर नवव्या सोमवारी मला सगळं पाठ झालं होतं. अश्विनीने मला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारले आणि मी एकही चुकले नाही.

"मग ताई, आता तुम्ही फोन कशाला करता?"

"हे म्हणतात म्हणून."

"हो का," ती म्हणाली. आणि एरवी कधी न सोडणारी अश्विनी, तिने तो विषय सोडला.

बाराव्या सोमवारी शेवटी ह्यांनीच नागपूरहून फोन लावला, रागानेच. मलाही जोडून घेतलं. ब्रेंडनने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, सगळी खात्री करून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हीच हिमसेल्फ. तुमच्याबद्दल खूप ऐकलं आहे मी. जनरली."

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. पैसे काढता येत नाहीत, तीन वाटा आहेत, घाई नाही. हे पंधरा मिनिटं हुंकार देत होते. फोन झाल्यावर मला म्हणाले, "अगं, ते काढता येत नाहीत."

मी म्हटलं, "हो का?"

*

फ्लॅट गेला. मला वाईट वाटलं, हेही खरं. माणूस वडिलांशेजारी राहायचं म्हणत होता, काही चुकीचं मागत नव्हता.

मग चौदाव्या सोमवारी म्हणाले, "तुझं ते स्वतःच्या नावाचं देवघर, तेच करू. फॉर्म आलाय मेलवर. भरतो."

"बरं."

"यात पत्ता विचारलाय. सगळा पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर होईल म्हणे. कुठला लिहू? ताई अमरावतीहून बाबांकडे राहायला यायला तयार आहे, पण बाबा काही बोलत नाहीत. इथला लिहू की तिथला?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. चौदा सोमवार ते तोंडात होतं. पण शेजारच्या खोलीतून सासऱ्यांची काठी टेकल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. ते आपल्या मुलाला हाक मारत होते.

"तुम्हाला योग्य वाटेल तो लिहा," मी म्हटलं.

हे उठून त्यांच्याकडे गेले. नंतर ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरावा सोमवार गेला. मंडळात सुरेखा म्हणाली, "अगं, सरळ विचार ना." मी म्हटलं, उद्यापनाला दोघांना बसावं लागतं. आले तर करू, नाही आले तर व्रत चालू ठेवू, सोमवार काही संपत नाहीत. अश्विनीने कॅमेरा बंद केला. इंटरनेट गेलं म्हणाली.

*

सोळावा सोमवार. चुरमा केला. तीन भाग केले. पूजा झाली, घंटा झाली, सोवळं सोडलं आणि ब्रेंडनला फोन लावला. संगीत वाजलंच नाही, त्याने लगेच उचलला.

"मिसेस, मी तुमचीच वाट बघत होतो. माझा हा शेवटचा आठवडा. शुक्रवारी निवृत्त होतोय."

मी अभिनंदन म्हटलं. मग म्हटलं, "जनरल माणसाचा फॉर्म आला का?"

"ते मी सांगू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"त्यावर पत्ता कुठला आहे, तेही सांगू शकत नाही."

"हो."

किटली वाजली. त्याने ती या वेळी बंद केली. "पण जनरली," तो म्हणाला, "नवीन खातं उघडलं की पहिलं पत्र पोस्टाने जातं. बुधवारपर्यंत पोचतं. मी तुमच्या जागी असतो, तर बुधवारी नावनच्या घरात, दारातल्या पत्रांच्या फटीपाशी कान देऊन बसलो असतो."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. तिन्ही वाट्या समोर होत्या. गाईची, देवाची आणि घरच्यांची. घरच्यांची जरा मोठी करायला हवी होती, असं मनात आलं.

"मिसेस, आहात ना?"

"आहे."

"आता मी एक जनरल प्रश्न विचारू? समजा, एक माणूस आहे. अडतीस वर्षं त्याने लोकांना हेच समजावलं. आता त्याची स्वतःची नोकरी सुटते आहे. तेच जाड पाकीट त्याच्या टेबलावर येऊन पडलंय. आत काय लिहिलंय, ते त्याला पाठ आहे. पण तीन आठवडे झाले, त्याच्याने ते उघडवत नाही. ते घर इतकं शांत आहे की, तुम्हाला कळेल. अशा माणसाने काय करावं?"

"पाकीट जवळ आहे?"

"हातात आहे."

मी ओट्याखालचं स्टूल ओढलं आणि बसले.

"उघडा," मी म्हटलं. "मी थांबते."